घरातला नॅस: आधी काय, मग काय आणि नेमकं कुठे चुकतं

घरी नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फाइली साठवणारा डिस्कचा खोका) घेतलेल्या माणसांच्या अडचणी पाहिल्या की त्याच तीन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. आत दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप झालाच, असं समजून जुनी पोर्टेबल डिस्क पुसून टाकलेली असते. परगावाहून फोटो दिसावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायची वाट, उघडलेलं असतं. आणि घरातली सगळी माणसं एकाच ॲडमिन खात्याने आत जात असतात. यंत्र व्यवस्थित चालतं, टीव्हीवर फोटो दिसतात, वर्ष-दोन वर्षं काहीच बिघडत नाही. त्यामुळे चूक कळते तेव्हा ती सुधारायची वेळ निघून गेलेली असते.

खालचा क्रम दोन डिस्कच्या तयार नॅससाठी आहे. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असस्टोर, टेरामास्टर यांपैकी काहीही घ्या, मेन्यूतली नावं थोडी बदलतील, क्रम तोच राहील. क्रमावर एवढा जोर देण्याचं कारण असं की फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आणि व्हॉल्यूमचं (डिस्कवरच्या वापरायच्या जागेचं) एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारं कुलूप, या गोष्टी डेटा भरल्यावर बदलायच्या तर सगळं बाहेर काढून, पुसून, पुन्हा भरावं लागतं.

## १. खरेदीआधीचा हिशोब

आधी घरातला डेटा मोजा. लॅपटॉप, जुन्या पोर्टेबल डिस्क, सगळ्यांचे फोन, पेन ड्राइव्ह आणि लग्नाच्या व्हिडिओवाल्याने दिलेली डिस्क. बेरीज आली की तिच्या किमान दुप्पट जागा धरा. हल्लीच्या फोनवरचं फोर-के चित्रीकरण मिनिटाला काहीशे एमबी खातं, त्यामुळे वाढीचा अंदाज नेहमी कमीच पडतो.

दोन डिस्क एकमेकींची नक्कल म्हणून लावल्या तर जागा एकीचीच मिळते. ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्यावर विंडोज सुमारे ३.६४ टीबी दाखवेल. डिस्क कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४च्या पटीत, म्हणून हा फरक पडतो. डिस्क खराब आहे असं समजून दुकानदाराशी वाद घालू नका.

डिस्क घेताना सीएमआर प्रकारचीच (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणारी) घ्या. एसएमआर डिस्कमध्ये पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. साधी साठवण करताना हे जाणवत नाही, पण बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून सगळं पुन्हा भरायची वेळ आली की ती रडतखडत चालते. वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये मान्य केलं. त्यानंतर सीएमआर डिस्क 'रेड प्लस' या नावाने वेगळ्या आल्या. सीगेटची आयर्नवुल्फ मालिकाही चालेल. नुसतं 'रेड' किंवा नुसतं 'बाराकुडा' वाचून घेऊ नका, मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा.

नॅस कोणत्या कंपनीच्या डिस्क स्वीकारतो, तेही आधीच बघा. सिनॉलॉजीने २०२५ मध्ये प्लस मालिकेच्या नव्या मॉडेलांवर आपल्याच किंवा प्रमाणित डिस्कची अट घातली होती. त्याच वर्षी डीएसएम या आपल्या कार्यप्रणालीच्या ७.३ आवृत्तीसोबत ती सैल केली.

आता सगळ्यात जास्त टाळला जाणारा खर्च. तिसरी डिस्क. नॅसबाहेर राहणारी, यूएसबीने लागणारी, नॅसमधल्या डेटाएवढ्या क्षमतेची. बजेट अपुरं पडत असेल तर नॅसमधल्या डिस्क लहान घ्या, पण ही गाळू नका. माझ्या मते दोन मोठ्या डिस्क घेऊन तिसरी 'पुढच्या दिवाळीत बघू' म्हणणाऱ्यांनी नॅस घेणंच पुढच्या दिवाळीवर ढकलावं.

चौथी वस्तू यूपीएस. दोन डिस्कच्या नॅसला आणि राउटरला ६०० व्हीएचा पुरतो, पण मागे यूएसबीचं डेटा पोर्ट असलेलाच घ्या. स्वस्त मॉडेलांत ते बऱ्याचदा नसतं. ते का लागतं ते पुढे येईल.

तपासा: डिस्कचं पाकीट फोडण्याआधी वरचा सीरियल क्रमांक कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. भारतातली वॉरंटी दिसत नसेल तर न फोडता परत करा. ऑनलाइन विक्रीत परदेशातून आलेल्या आणि इथे वॉरंटी नसलेल्या डिस्कही फिरत असतात. दोन डिस्क शक्यतो दोन वेगळ्या दुकानांतून घ्या, म्हणजे दोन्ही एकाच खेपेतल्या निघण्याची शक्यता कमी होते.

## २. जागा, वीज आणि वायर

नॅस राउटरजवळ ठेवायचा असतो, पण टीव्हीच्या बंद कपाटात नको. मागच्या पंख्याला चारही बाजूंनी चार बोटं मोकळी जागा हवी. डिस्क रात्रंदिवस घुरघुरते, त्यामुळे झोपायची खोली टाळा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आणि स्वयंपाकघराला लागून असलेलं शेल्फही टाळा. मुंग्या आणि पाली उबदार खोक्यात शिरतात, म्हणून महिन्यातून एकदा मागची जाळी बघून घ्या.

विजेचं गणित नीट समजून घ्या. 'आमच्याकडे इन्व्हर्टर आहे' हे उत्तर पुरेसं नाही. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर वीज गेल्यावर बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो आणि नॅस बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शिवाय बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगू शकत नाही. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडली की बॅटरीची स्थिती नॅसला कळते आणि तो लिहिणं थांबवून स्वतःला व्यवस्थित बंद करतो. महावितरणने देखभालीसाठी दिवसभर वीज बंद ठेवली की फरक कळतो. यूपीएस काही मिनिटांचाच असला तरी चालतो, कारण त्या मिनिटांत नॅसला शांतपणे बंद व्हायचं असतं.

वायर कॅट ५ई किंवा कॅट ६, आठही तारा जोडलेली. चार तारांची वायर किंवा जुन्या राउटरचं १०० एमबीपीएसचं पोर्ट असेल तर वेग सेकंदाला १२ एमबीच्या आसपास अडकतो. गिगाबिटवर तोच ११०पर्यंत जातो. १ टीबी हलवायला पहिल्या स्थितीत २३ तास लागतात, दुसऱ्यात अडीच.

तपासा: नॅसच्या नेटवर्क पानावर जोडणीचा वेग १००० किंवा त्याहून जास्त दिसला पाहिजे. १०० दिसत असेल तर आधी वायर बदला, मग राउटरचं पोर्ट.

## ३. डिस्क बसवणं

डिस्क बसवण्याआधी प्रत्येकीचा सीरियल क्रमांक कागदावर लिहा आणि ती कोणत्या खणात जाणार तेही लिहा. खणाच्या कडेला छोटी चिठ्ठी चिकटवा. तीन वर्षांनी 'डिस्क २ बिघडली' असा संदेश येईल, तेव्हा डावीकडून दुसरी की उजवीकडून, असा गोंधळ होतो आणि चांगली डिस्क ओढली जाते.

इशारा: नॅस पहिल्यांदा सुरू होताना डिस्क पूर्ण पुसतो. जुनी, फोटो भरलेली डिस्क 'आतच लावून टाकू' म्हणून बसवू नका. ती बाहेरून यूएसबीने जोडायची असते.

नॅस बंद ठेवून डिस्क बसवा, वायर लावा, सुरू करा आणि त्याच राउटरवरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमधून सेटअप उघडा. कार्यप्रणाली टाकून झाली की लगेच नवीनतम अपडेट घ्या.

यानंतर बहुतेक जण थेट व्हॉल्यूम बनवायला जातात. थांबा. दोन्ही डिस्कवर स्मार्टची (डिस्कची तब्येत तपासणाऱ्या तिच्यातल्याच सोयीची) विस्तारित चाचणी लावा. ४ टीबीच्या डिस्कला ७-८ तास सहज लागतात, म्हणून रात्री लावून सकाळी बघा. काही इंटरफेसमध्ये स्टोरेज पूल (डिस्क एकत्र बांधून केलेला साठा) बनवल्याशिवाय पुढचे मेन्यू उघडत नाहीत. तसं असेल तर पूल बनवा आणि डेटा टाकण्याआधी चाचणी करा. नव्या डिस्कमधली जी बिघडायची असते ती अनेकदा पहिल्या काही दिवसांतच बिघडते. दुकानाची परतीची मुदत संपायच्या आत हे कळलं तर फक्त डिस्क बदलून आणायची आहे.

## ४. रेड, फाइल सिस्टिम, एन्क्रिप्शन

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत, वरच्या 'रेड' नावाच्या डिस्कशी तिचा संबंध नाही. दोन डिस्कसाठी रेड १ निवडा, म्हणजे दोन्ही एकमेकींची नक्कल राहतात. सिनॉलॉजीवर एसएचआर (कंपनीची स्वतःची रेड पद्धत) निवडलं तरी दोन डिस्कमध्ये परिणाम तोच आणि पुढे डिस्क मोठ्या करणं सोपं जातं. रेड ० (डेटा दोन डिस्कवर वाटून लिहिणारं) आणि जेबीओडी (नक्कल न करता डिस्क वापरणारं) जागा दुप्पट देतात, म्हणून मोह होतो. रेड ०मध्ये एक डिस्क गेली की सगळंच जातं. जेबीओडीतही त्या डिस्कवरचं तरी नक्की जातं, आणि सलग जोडलेला व्हॉल्यूम असेल तर उरलेलंही हाती लागेल याचा भरवसा नाही.

रेड १ एकाच गोष्टीसाठी आहे: एक डिस्क मेली तरी काम चालू राहावं. मुलाने चुकून फोल्डर पुसला, रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या व्हायरसने) फाइली कुलूपबंद केल्या, विजेच्या झटक्याने खोका जळला, चोरी झाली, घरात पाणी शिरलं, यांतल्या कशालाही रेड उपाय नाही. पुसलेलं त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसलं जातं.

फाइल सिस्टिमचा पर्याय विचारला तर सिनॉलॉजीवर बीटीआरएफएस घ्या, कारण स्नॅपशॉट (फोल्डरची त्या वेळची गोठवलेली स्थिती) त्यावरच मिळतात. क्यूनॅपच्या क्यूटीएस या कार्यप्रणालीवर स्नॅपशॉट वेगळ्या पद्धतीने चालतात. तिथे स्टोरेज पूल बनवून त्यात व्हॉल्यूम बनवा आणि स्नॅपशॉटसाठी जागा राखा. 'स्टॅटिक व्हॉल्यूम' निवडलात तर स्नॅपशॉट मिळणार नाहीत.

एन्क्रिप्शनचा निर्णय इथेच घ्यायचा. डीएसएम ७.२पासून संपूर्ण व्हॉल्यूम एन्क्रिप्ट करता येतो, पण तो बनवतानाच. त्याची किल्ली साध्या मांडणीत नॅसमध्येच राहते, त्यामुळे बिघडलेली डिस्क वॉरंटीला पाठवताना तुमचा डेटा सुरक्षित असतो. मात्र पूर्ण खोकाच चोरीला गेला तर संरक्षण तेवढं भक्कम उरत नाही. सातबारा, खरेदीखत, आधार, बँकेची कागदपत्रं ठेवणार असाल तर तेवढा एक फोल्डर वेगळ्या पासवर्डने एन्क्रिप्ट करणं मला जास्त योग्य वाटतं. तो फोल्डर नॅस सुरू झाल्यावर आपोआप उघडणार नाही असाच ठेवा.

इशारा: रिकव्हरी किल्लीची फाइल नॅसवर ठेवू नका. छापून कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा आणि एक प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये.

मराठीत फाइलींची नावं ठेवणाऱ्यांसाठी एक अडचण याच टप्प्यावर सांगायला हवी. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'गृहप्रवेश' दिसायला पाच अक्षरं, मोजायला ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. साध्या फोल्डरमध्ये एका नावात ८५ चिन्हं बसतात, ती पुरतात. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे फक्त ४७ चिन्हं. 'आजोबांच्या शेतजमिनीच्या फेरफाराची नोंद आणि पावत्या.pdf' असलं नाव तिथे बसत नाही आणि कॉपी मध्येच त्रुटी देऊन त्या फाइलीला वगळून पुढे जाऊ शकते. तेव्हा कागदपत्रांची नावं आखूड ठेवा: आधी वर्ष, मग विषय.

## ५. खाती आणि फोल्डर, डेटा येण्याआधी

१. स्वतःसाठी नवं प्रशासक खातं बनवा, नाव 'ॲडमिन' सोडून काहीही. मग मूळ 'ॲडमिन' खातं बंद करा.

२. त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरच्या ॲपमधला आकडी कोड) लावा. तिचे आकडे वेळेवर अवलंबून असतात, म्हणून नॅसचा टाइम झोन भारताचा आहे आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळते आहे ना ते आधी बघा. आणीबाणीचे कोड छापून ठेवा.

३. रोजच्या वापरासाठी प्रत्येकाला, अगदी तुम्हालाही, वेगळं साधं खातं द्या. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर शिरलं तर ते त्या लॅपटॉपच्या खात्याला जिथे लिहायची परवानगी आहे तिथेच पोचतं.

४. सामायिक फोल्डर मोजकेच करा: फोटो, कागदपत्रं, चित्रपट-गाणी, लॅपटॉप बॅकअप, आणि प्रत्येकाचा खासगी. जुन्या फोटोंवर घरातल्यांना फक्त वाचायचा हक्क आणि नव्या फोटोंच्या वेगळ्या फोल्डरमध्ये लिहायचा, अशी विभागणी फार उपयोगी पडते. वर्षाच्या शेवटी नवे फोटो तुम्ही जुन्यांत हलवायचे.

५. सलग चुकीचे पासवर्ड दिले की ते जिथून आले तो नेटवर्क पत्ता अडवण्याची सोय सुरू करा. एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली वाटायची जुनी, असुरक्षित पद्धत) बंद ठेवा. प्रत्येक फोल्डरला रिसायकल बिन सुरू करा.

नेहमीची चूक: विंडोज पासवर्ड मागतंय म्हणून वैतागून 'गेस्ट', म्हणजे पासवर्डशिवायचा, प्रवेश सुरू केला जातो. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्या गेस्ट जोडणी बऱ्याचदा नाकारतातच, आणि मग माणसं विंडोजचीच सुरक्षा सैल करायला निघतात. त्याऐवजी विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये नॅसचं खातं आणि पासवर्ड एकदा साठवा.

तपासा: मुलाच्या खात्याने लॉगिन करून जुन्या फोटोंमधली एक फाइल पुसायचा प्रयत्न करा. पुसली गेली तर हक्क चुकलेत.

## ६. पत्ता पक्का करणं

राउटर दर वेळी नॅसला वेगळा नेटवर्क पत्ता देऊ शकतो आणि मग 'काल चालत होतं, आज दिसत नाही' सुरू होतं. यावर नॅसमध्ये पत्ता हाताने टाकू नका, राउटरमध्ये नॅससाठी पत्ता राखून ठेवा. उद्या इंटरनेट कंपनी बदलली की राउटर बदलतो आणि त्याबरोबर पत्त्यांची मालिकाही, १९२.१६८.१ ऐवजी जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९. हाताने जुना पत्ता टाकलेला नॅस तेव्हा नजरेआड होतो. राखीव पत्त्याच्या पद्धतीत तो नव्या राउटरकडून नवा पत्ता घेतो, तुम्ही तो पुन्हा राखून ठेवायचा.

## ७. डेटा आत नेणं

इथे 'कट' हा शब्द विसरा. फक्त कॉपी.

पोर्टेबल डिस्क नॅसच्याच यूएसबी पोर्टला लावा आणि नॅसच्या फाइल मॅनेजरमधून आतल्या आत कॉपी करा. लॅपटॉपमधून वाय-फायवर हजारो फोटो ओतायला गेलात की कुठेतरी खंड पडतो आणि काय गेलं, काय राहिलं हे कळत नाही. लॅपटॉपचा डेटा न्यायचा असेल तर त्या दिवसापुरती वायर लावा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा. जास्त खात्री हवी असेल तर फ्रीफाइलसिंक या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये आशयानुसार तुलना लावा. वेळ लागतो, पण अर्धवट कॉपी झालेली फाइल त्यात सापडते.

फोनचं प्रकरण जास्त किचकट आहे.

आयफोनवर 'स्टोरेज ऑप्टिमाइझ' सुरू असेल तर फोनमध्ये फोटोंच्या लहान आवृत्त्याच उरलेल्या असू शकतात, मूळ प्रती आयक्लाउडवर. आधी मूळ प्रती उतरवून घ्या. नॅसच्या ॲपचा पहिला मोठा बॅकअप फोन चार्जिंगला लावून, ॲप समोर उघडं ठेवून करा, कारण मागे गेलेल्या ॲपला आयफोन फार काळ काम करू देत नाही. अँड्रॉइडवर त्या ॲपसाठी बॅटरी बचत बंद करा.

गूगल फोटोजमधलं 'जागा मोकळी करा' कधीतरी दाबलं असेल तर जुने फोटो फोनमध्ये नाहीतच. ते टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवायच्या सोयीतून उतरवावे लागतात. टेकआउट प्रत्येक फोटोसोबत माहितीची एक छोटी जेसन फाइल देतं, आणि गूगलमध्ये दुरुस्त केलेल्या तारखा किंवा वर्णनं त्या फाइलीत असतात. ती कचरा समजून पुसू नका. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमधून मूळ तारीख आणि जागेची माहिती बहुधा गेलेली असते, म्हणून त्यांचा फोल्डर वेगळा ठेवा, नाहीतर टाइमलाइन विस्कटते.

इशारा: पुढचा टप्पा पूर्ण होईपर्यंत मूळ डिस्क आणि फोनमधलं काहीही पुसायचं नाही.

## ८. स्नॅपशॉट, बॅकअप आणि परत आणण्याची तालीम

हा टप्पा न करता नॅस वापरणं म्हणजे आधी विखुरलेला सगळा धोका एका खोक्यात आणून ठेवणं.

स्नॅपशॉट. ठरावीक वेळी फोल्डर जसा होता तसा गोठवलेला असतो आणि नंतर बदललेल्या भागापुरतीच जागा लागते. घरासाठी रोज एक, ३० दिवस ठेवायचे, आणि आठवड्याला एक, तीन महिने ठेवायचे, एवढं पुरतं. कागदपत्रांच्या फोल्डरला दर तासाला लावलंत तरी भार पडत नाही. चुकून पुसलेलं आणि रॅन्समवेअरने बिघडवलेलं इथून मिनिटांत परत मिळतं. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात. खोका गेला की तेही गेले.

बाहेरची डिस्क. सिनॉलॉजीवर हायपर बॅकअप, क्यूनॅपवर हायब्रिड बॅकअप सिंक वापरा आणि जुन्या आवृत्त्याही ठेवणारा बॅकअप निवडा. नुसतं सिंक लावलंत तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. आठवड्यातून एक दिवस ठरवा, डिस्क जोडा, बॅकअप होऊ द्या, मेन्यूतून इजेक्ट करा आणि काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क विजेचा झटका आणि रॅन्समवेअर दोन्हींच्या आवाक्यात असते.

दुसऱ्या वास्तूतली प्रत. ३-२-१ हा जुना नियम अजून पक्का आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ला आणि चिपळूण-महाडला जुलै २०२१ला घरांत पाणी शिरलं, तेव्हा कपाटातली डिस्क आणि टेबलावरचं यंत्र एकाच पाण्यात होतं. त्यामुळे दुसरी यूएसबी डिस्क घ्या आणि बहिणीकडे, गावच्या घरी किंवा ऑफिसच्या खणात ठेवा. दोन-तीन महिन्यांनी घरातल्या डिस्कशी अदलाबदल करा. बाहेर जाणाऱ्या डिस्कवरचा बॅकअप एन्क्रिप्ट केलेलाच असू द्या.

क्लाउड हवं असेल तर सगळा डेटा चढवायचा हट्ट नको. ५० एमबीपीएस अपलोडवर १ टीबी चढवायला वेग सलग मिळाला तरी सुमारे ४५ तास लागतात, आणि अनेक ब्रॉडबँड प्लॅनमध्ये महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते. कागदपत्रं आणि निवडक फोटो एवढंच क्लाउडवर ठेवा, तेही एन्क्रिप्ट करून.

तालीम. बॅकअपचं हिरवं चिन्ह दिसलं म्हणजे बॅकअप चालतो असं नाही. तीन गोष्टी करा.

- एखाद्या जुन्या वर्षाचा फोल्डर बॅकअपमधून वेगळ्या जागी परत आणा आणि पाच-सहा फोटो, एक व्हिडिओ, एक पीडीएफ प्रत्यक्ष उघडा.
- एक फाइल मुद्दाम पुसा आणि स्नॅपशॉटमधून परत मिळवा.
- बॅकअपची डिस्क नॅसला न लावता लॅपटॉपला लावा आणि तिथून फाइल काढता येते का बघा. हायपर बॅकअपसाठी कंपनीचं एक्सप्लोरर नावाचं ॲप संगणकावर चालतं. मात्र डिस्क लिनक्सच्या फाइल सिस्टिमने फॉरमॅट केली असेल तर विंडोजला ती दिसत नाही. हे आज कळलेलं बरं.

तिन्ही जमलं की मगच फोनमधली जागा मोकळी करायची.

## ९. घराबाहेरून प्रवेश

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करू नका. राउटरमधलं यूपीएनपी (यंत्रांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, आणि नॅसमध्ये 'राउटर आपोआप जुळवा' अशी सोय असेल तर तीही. एप्रिल २०२१मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२पासून डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप यंत्रांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह यंत्रांवरचा डेटा बाहेरून पुसला गेला. त्या मालिकेला कंपनीने २०१५मध्येच शेवटचं अपडेट दिलं होतं. ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती ते सावरले.

आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच नसतो. राउटरच्या स्थिती पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत दिसला तर तुम्ही सामायिक (इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून दिलेल्या) पत्त्यामागे आहात आणि पोर्ट उघडूनही काही होणार नाही. इथे काही जण पैसे भरून स्थिर पत्ता घेतात आणि पोर्ट उघडतात. पैसे भरून धोका ओढवून घेऊ नका.

टेलस्केल वापरा. आपलीच यंत्रं इंटरनेटवरून खासगी वाटेने एकमेकांना जोडणारं ते ॲप आहे. नॅसवर आणि फोनवर ॲप टाका, एकाच खात्याने आत जा, झालं. सामायिक पत्त्यामागेही ते चालतं आणि राउटरमध्ये काही बदलावं लागत नाही. पुण्यात नॅस आणि मुलगी जर्मनीत असेल तर तिला तिच्या स्वतःच्या टेलस्केल खात्यात फक्त तेवढं यंत्र वाटून द्या आणि नॅसवर तिचं वेगळं खातं ठेवा. नातेवाइकांना लग्नाचे फोटो एकदाच दाखवायचे असतील तर नॅस कंपनीची रिले सोय (कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडणारी) वापरून मुदत आणि पासवर्ड असलेली लिंक द्या, आणि काम झालं की ती सोय बंद करा.

तपासा: फोनचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर टेलस्केल बंद ठेवून नॅस उघडायचा प्रयत्न करा. उघडता कामा नये. टेलस्केल सुरू केल्यावर उघडला पाहिजे.

## १०. चालू ठेवणं

सूचना ईमेलवर आणि फोनवर येतील असं लावा आणि चाचणी संदेश पाठवून बघा. आत बसून बीप करणाऱ्या नॅसची तक्रार, सुट्टीत गावी गेलेल्या घरात कोणी ऐकत नाही.

वेळापत्रक साधं ठेवा. स्मार्टची छोटी चाचणी आठवड्याला, विस्तारित दोन-तीन महिन्यांनी, आणि डेटा स्क्रबिंग (साठवलेलं सगळं वाचून चुका शोधणं) तीन महिन्यांनी. विस्तारित चाचणी, स्क्रबिंग आणि बॅकअप एकाच रात्री लावू नका.

स्मार्टच्या यादीत चार ओळी पाहायच्या. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी खराब झालेल्या जागा मोजतात, त्यांचे मूळ आकडे शून्य असावेत. शून्यावरून हलून वाढत राहिले तर डिस्क बदलायची तयारी करा. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून जोडणीचा असतो, आधी डिस्क काढून नीट बसवा. तापमान ५० अंशांच्या खाली राहू द्या. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच चाळिशी गाठते, तेव्हा पंख्याचा वेग वाढवा आणि खोका मोकळ्या हवेत घ्या.

सुरक्षा अपडेट आपोआप होऊ द्या. मोठी आवृत्ती बदलताना मात्र आधी यूएसबी बॅकअप, मग अपडेट. जागा ८० टक्के भरली की सफाई किंवा मोठ्या डिस्कचा विचार सुरू करा.

एक कागद बनवा: नॅसचा पत्ता, प्रशासक खात्याचं नाव, पासवर्ड आणि किल्ल्या कुठे आहेत, बाहेरची डिस्क कोणाकडे आहे. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तो कागद देऊन एक फाइल बॅकअपमधून काढायला सांगा आणि स्वतः मध्ये बोलू नका. जिथे ती व्यक्ती अडेल तिथे कागदात एक ओळ वाढवा.

## ११. डिस्क बिघडली तर

१. नॅस पुन्हा पुन्हा बंद-सुरू करू नका. रेड १मध्ये दुसरी डिस्क काम करते आहे, तिला त्रास देऊ नका.

२. सगळ्यात आधी यूएसबी डिस्क लावून ताजा बॅकअप घ्या. ती नेमकी बहिणीकडे असेल तर आणायला जा, नवी डिस्क मागवणं त्यानंतर.

३. बदली डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी, आणि सीएमआर.

४. स्क्रीनवरचा सीरियल क्रमांक आणि तुमच्या कागदावरचा क्रमांक जुळवा. मगच डिस्क काढा. चालू असताना डिस्क बदलता येत नसेल अशा मॉडेलवर आधी नॅस बंद करा.

५. नवी बसवल्यावर दुरुस्ती हा पर्याय निवडा. 'नवा पूल बनवा' किंवा 'पुन्हा आरंभ करा' यांना हात लावू नका. ८ टीबीला अर्धा दिवस सहज जातो. तोवर मोठी कॉपी, फोटोंची चेहरे ओळखण्याची कामं बंद ठेवा.

खोकाच जळला आणि डिस्क शाबूत असतील तर त्याच कंपनीच्या सुसंगत मॉडेलमध्ये त्या त्याच क्रमाने बसवा. बहुतेक वेळा यंत्र त्या ओळखतं आणि स्थलांतराचा पर्याय देतं. डिस्क पुसण्याचा पर्याय समोर आला तर पुढे जाऊ नका, नॅस बंद करा आणि कंपनीच्या स्थलांतर यादीत दोन्ही मॉडेलं आहेत का ते बघा.

दुरुस्ती पूर्ण झाली की स्क्रबिंग चालवा, नव्या डिस्कवर विस्तारित चाचणी लावा, खणावरची चिठ्ठी बदला आणि कागदावर नवा सीरियल क्रमांक व वॉरंटीची तारीख लिहा. बिघडलेली डिस्क वॉरंटीला पाठवायची असेल आणि व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केलेला नसेल, तर ती लॅपटॉपला जोडून जेवढी पुसता येईल तेवढी पुसा. पुसली जातच नसेल आणि तिच्यावर घरातले कागद असतील, तर वॉरंटीवर पाणी सोडून ती स्वतःजवळच ठेवा.